वाचक विचारतात: मंडईची जागा विकायला काढलीय, आता करायचं काय?

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की भर बाजारातली सरकारी जागा विकायला निघाली की सगळे भावावरून भांडतात आणि टेंडरमधल्या अटी मात्र कोणी उघडूनही बघत नाही. त्यावर बरीच पत्रं आली, काही शिव्या घालणारी पण. निवडक घेतलीत.

प्रश्न: आमच्या शहराच्या मधोमध जुनी भाजी मंडई आहे, शेजारी बंद पडलेला जकात नाका आणि पालिकेचं गोडाऊन, सगळं मिळून तीनेक एकर. आयुक्त म्हणतात जागा नुसती पडून आहे, विकून टाकू, पैशातून पाण्याची योजना पूर्ण करू, तिथं मॉल, ऑफिसं, पार्किंग होईल. गाळेवाले म्हणतात आमच्या प्रेतावरून जा. महापालिका अशी जागा विकू शकते का?
(निवृत्त शिक्षिका, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर: विकू शकते ताई, पण आयुक्तांच्या मनात आलं म्हणून नाही. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. बाकी महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागतो आणि त्यातलं कलम ७९ हे तुमच्या कामाचं आहे. जागा विकायची किंवा भाड्यानं द्यायची तर महासभेची मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही, हे दोन्ही त्यात लिहिलंय. (नगरपरिषद असेल तर १९६५ चा कायदा, कलम ९२.) आता गंमत बघा, २०२२ पासून काही वर्षं आपल्या बहुतेक महापालिकांत निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक बसले होते, म्हणजे प्रस्ताव आणणारा पण तोच आणि महासभेच्या जागी बसून मंजूर करणारा पण तोच. त्या काळात तुमच्याकडे असा काही ठराव झालाय का ते आधी शोधा, तारखेसकट. बऱ्याच ठिकाणी आज जे 'नवीन' म्हणून पुढे येतंय त्याचा ठराव तेव्हाच होऊन फाईलला लागलेला असतो.

दुसरं म्हणजे जागा पालिकेची झाली कशी ते बघा. हे कोणी बघत नाही आणि खरी गोम इथंच असते. मंडईची जागा पुष्कळदा सरकारनं पालिकेला 'मंडईसाठी' म्हणून दिलेली असते, किंवा एखाद्या जुन्या सावकारानं दानपत्र करून दिलेली असते. सरकारनं अटीवर दिलेली जागा असेल तर दुसऱ्या कामाला वापरणं म्हणजे शर्तभंग, तिथं कलेक्टर ऑफिसच्या परवानगीशिवाय पान हलत नाही. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढा, आता ऑनलाइन पण मिळते, धारकाच्या रकान्यात काय लिहिलंय आणि खालच्या फेरफार नोंदींत काय लिहिलंय ते नीट वाचा. अक्षर लागत नसेल तर तलाठी ऑफिसातनं रिटायर झालेला एखादा माणूस गाठा, चहावर काम होतं.

तिसरं, विकास आराखडा. तिथं 'भाजी मंडई' असं आरक्षण असेल तर मॉल बांधण्याआधी ते आरक्षण बदलावं लागेल, त्याला एमआरटीपी कायद्याचं (राज्याचा नगररचनेचा कायदा) कलम ३७ आहे, त्यात नोटीस काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात आणि त्याला महिनाभर मुदत असते. ही नोटीस छापून येते, पण कुठं तर पान सातवर, लग्नाच्या जाहिराती आणि कुणाच्या तरी हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटच्या मध्ये. एका पोराला रोज तेवढं पान बघायचं काम लावून द्या.

आणि मुळात 'विकायचंच' का, हा प्रश्न गाळेवाल्यांनी विचारायला पाहिजे. बीओटीवर द्या (बिल्डर बांधतो, ठरलेली वर्षं चालवतो, मग पालिकेला परत देतो), तीस वर्षांच्या भाड्यानं द्या, पालिकेनं स्वतः बांधून वरचे मजले भाड्यानं द्या, हे सगळे रस्ते आहेत, त्यातही चोऱ्या होतात हे मान्य, पण त्यात जमीन तरी राहते. पाण्याची योजना आज ना उद्या जुनी होणार आणि मंडईची जागा गेली ती गेली. महिन्याचा किराणा भरायला सोनं मोडावं तसला हा व्यवहार आहे. आयुक्तांची तीन वर्षांत बदली होते, तुम्ही तिथंच राहणार आहात.

प्रश्न: माझे वडील लोअर परळला गिरणीत होते, साचे खात्यात. त्यांची गिरणी एनटीसीची, म्हणजे सरकारचीच. मग सरकारच्याच जमिनीवर आज काचेचे टॉवर कसे उभे राहिले? खाजगी मालकांनी विकलं ते समजतं, सरकारनं कसं काय विकलं, आणि शहराला द्यायचा तिसरा हिस्सा कुठं गेला? वडील गेले, मला उत्तर अजून मिळालं नाही.
(गिरणी कामगाराचा मुलगा, आता मुक्काम बदलापूर)

उत्तर: दादा, याला सरळ उत्तर आहे, पण लांब आहे.

एनटीसी म्हणजे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ, केंद्र सरकारची कंपनी. आजारी गिरण्या सरकारनं ताब्यात घेतल्या, १९७४ ला एक खेप, मग १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला त्याच्या पुढच्या वर्षी आणखी १३. अशा मुंबईतल्या पंचवीसेक गिरण्या एनटीसीकडे आल्या. कापड विकून पैसा येईना, तोटा वाढत चालला, आणि जमीन मात्र सोन्याच्या भावाची. तेव्हा बीआयएफआरनं (आजारी उद्योगांचं काय करायचं ते ठरवणारं केंद्राचं मंडळ) मंजूर केलेली योजना अशी की काही गिरण्यांची जमीन विकायची, त्यातून कामगारांची देणी, व्हीआरएस आणि उरलेल्या गिरण्या नवीन यंत्रं घालून चालवायच्या. कागदावर हे काही वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू.

आता तिसरा हिस्सा. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर साधारण तिसरा हिस्सा महापालिकेला बागा-मैदानांसाठी, साधारण तिसरा म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. मालकांना हे पचेना, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी पुढंच आलं नाही, शेड तशाच गंजत राहिल्या. १९९६ ला चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं एनटीसीच्या गिरण्यांचा एकत्र विचार करून आराखडा दिला होता, म्हणजे एकेका गिरणीचे तुकडे न पाडता सगळ्यांची जमीन एकत्र धरून रस्ते, मोकळ्या जागा, घरं बसवायची. तो बासनात गेला. परळ स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाला उभं राहून बघा, तो आराखडा का पाहिजे होता ते कोणी सांगायची गरज पडत नाही.

मग २००१ मध्ये नियम बदलला. बदल एवढासाच दिसतो, वाचताना सुटून जाईल असा. आधी वाटणी व्हायची गिरणीच्या सगळ्या जमिनीची. बदलानंतर वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची, म्हणजे जिथं आधीपासून बांधकाम नव्हतं तेवढीच. शेड पाडून जी जमीन मोकळी होईल ती यात धरायची नाही. आता हिशेब करून बघा. समजा १५ एकरांची गिरणी. शेड, चिमणी, गोदामं, खाती मिळून १२ एकर व्यापलेत, मोकळी ३ एकर. जुन्या नियमानं मैदानाला मिळाले असते ५ एकर आणि म्हाडाला आणखी तेवढेच. नव्या नियमानं मैदानाला साधारण १ एकर. गिरणीत मोकळी जागा असते कुठं हो, सगळीकडे शेडच असायच्या, तुमच्या वडिलांना हे मंत्रालयापेक्षा जास्त चांगलं माहिती होतं. तेव्हा तुमचा तिसरा हिस्सा कोणी रात्रीतून चोरून नेलेला नाही, एका व्याख्येत गेला. आणि २००५ ला जेव्हा टेंडरं निघाली तेव्हा हे होऊन गेलेलं होतं.

२००५ मध्ये एनटीसीनं पाच गिरण्या विकल्या. ज्युपिटर २७६ कोटी, एल्फिन्स्टन ४४१ कोटींच्या वर, अपोलो १८० कोटी, दादरची कोहिनूर क्रमांक तीन ४२१ कोटी आणि मुंबई टेक्स्टाइल ७०२ कोटी. मिळून दोन हजार कोटींच्या पुढं. पर्यावरणवाले हायकोर्टात गेले, ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, विक्री रद्द. वाटलं होतं आता काहीतरी होईल. ७ मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला, २००१ चा बदल कायदेशीर ठरला, विक्रीही कायम. त्यानंतर जे झालं ते तुम्ही लोकलच्या खिडकीतून रोज बघता.

कामगारांच्या घरांचं म्हणाल तर म्हाडाची पहिली मोठी लॉटरी २०१२ च्या जूनमध्ये निघाली, ६,९२५ घरं. अर्ज लाखाच्या कितीतरी वर. तुमचं नाव यादीत असेल तर कागदपत्रं पडताळून घ्या, वारसाची नोंद नसली तर नंबर लागूनही घर अडकतं.

प्रश्न: मी सीए करतोय. उघड लिलाव झाला, सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला जागा गेली, म्हणजे भाव बरोबरच आला ना? मग लोक 'कवडीमोलानं विकली' का ओरडतात?
(ठाणे)

उत्तर: त्या दिवसाचा भाव बरोबर आला, एवढंच. वर लिहिलेली मुंबई टेक्स्टाइलची साधारण १७ एकर जागा डीएलएफ या बिल्डर कंपनीनं २००५ ला ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ ला लोढा बिल्डरना विकली २,७०० कोटींच्या आसपास. मधल्या काळात तिथं टॉवर झाले होते असं पण नाही. तुम्ही म्हणाल व्याज धरा. धरू की, वर्षाला १२ टक्के चक्रवाढ धरा, सात वर्षांत ७०२ चे साडेपंधराशे कोटी होतात. वरचे अकराशे-बाराशे कोटी कशाचे? थांबण्याचे. आणि थांबणं सगळ्यात सोपं कोणाला असतं तर सरकारला, त्याला बँकेचा हप्ता नसतो. एनटीसीनंच २०१० ला वरळीची भारत मिल विकली, साडेआठ एकरांच्या आत जागा, १,५०५ कोटी आले. एकरी काढा, ज्युपिटरची अकराएक एकर धरून. पाच वर्षांत सातपट. जागा वेगळ्या, एफएसआय (जागेवर किती बांधता येतं त्याचं प्रमाण) आणि रस्ते वेगळे, हे सगळं मान्य करून पण फरक डोळ्यात भरतोच.

अजून एक. सगळ्या जागा एका दमात बाजारात आणल्या की भाव पडतो, हे कांदेवाल्याला कळतं आणि महामंडळाला कळत नाही असं होऊ शकत नाही, घाई असते ती दुसऱ्या कारणांची.

आता याच मुंबईत उलटं उदाहरण बघा. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगराचं सरकारी विकास प्राधिकरण, जागा विकत नाही, ८० वर्षांच्या लीजवर देते. २०१९ ला तिथला तीनेक एकरांचा प्लॉट जपानच्या सुमितोमोनं २,२३८ कोटींना घेतला, आणि तोही मालकीनं नाही, लीजवर. म्हणजे 'लीज ठेवली तर कोणी घेणार नाही' हे जे प्रत्येक मीटिंगमध्ये कोणीतरी कन्सल्टंट छातीठोकपणे सांगतो, ते निदान चांगल्या जागेच्या बाबतीत तरी खरं नाही. लीजमध्ये पण घोळ असतातच, मुदत संपली तरी लोक सोडत नाहीत आणि भाडं शंभर वर्षांपूर्वीचं, दक्षिण मुंबईत अशा ढिगानं केसेस. तरी पण मूळ मालकी हातात राहते, तिथूनच तर भांडता येतं.

प्रश्न: तुम्ही लोक प्रत्येक गोष्टीला विरोध करता. आमच्या चौकात सरकारी गोडाऊन तीस वर्षं बंद आहे, आत घुशी, दारूडे, कचरा. विकलं तर निदान काहीतरी होईल. शिकागोत माझी बहीण राहते, तिथं डाउनटाउनची जागा शहर विकतं, बिल्डर बांधतो, सगळं चकाचक. आपल्याकडेच का रडारड?
(दुकानदार, विदर्भ)

उत्तर: गोडाऊन विका की, माझी अजिबात ना नाही. सार्वजनिक गरज नाही, आरक्षण नाही, शेजारी तशीच दुसरी जागा पालिकेकडे आहे, तर पडून ठेवण्यात कसला आलाय समाजवाद. फक्त शिकागोचं नाव काढलंत म्हणून सांगतो.

बहिणीला विचारा 'ब्लॉक ३७' कुठं आहे. ऐन डाउनटाउनमध्ये, स्टेट स्ट्रीटवर, सिटी हॉलपासून हाकेच्या अंतरावर. शहरानं तो अख्खा ब्लॉक ताब्यात घेतला, विकासकाला दिला, १९८९ मध्ये जुन्या इमारती पाडल्या, त्यात वारसा म्हणून जपायची म्हणत होते ती मॅककार्थी बिल्डिंग पण गेली. आणि मग ऑफिसांचा बाजार बसला. जागा मोकळी. किती काळ, तर मॉल उघडला २००९ च्या नोव्हेंबरात. वीस वर्षं शहराच्या छातीवर रिकामा प्लॉट, हिवाळ्यात तिथं बर्फावर स्केटिंग चालायचं, उन्हाळ्यात तंबू ठोकून शाळेतल्या पोरांचे चित्रकलेचे वर्ग. मधे शहरानं तीच जागा परत विकत घेतली आणि दुसऱ्याला दिली, तो पण अडचणीत आला. श्रीमंत देश, हुशार वकील, तरी हे.

तेव्हा तुमच्या गोडाऊनच्या टेंडरमध्ये दोन अटी आहेत का बघा. अमुक महिन्यांत बांधकाम सुरू आणि अमुक वर्षांत पूर्ण, नाहीतर जागा परत आणि अनामत जप्त. आणि बांधकाम पूर्ण व्हायच्या आधी जागा दुसऱ्याला विकता येणार नाही. या दोन ओळी नसतील तर घुशी तिथंच राहणार, फक्त कुंपण पत्र्याचं होईल आणि त्यावर टॉवरचं चित्र लागेल.

प्रश्न: आमच्या गावात मैदान आहे, त्याच्याखाली पार्किंग आणि दुकानं आणि वर पुन्हा मैदान असं काहीतरी करतायत. मैदान तर राहणारच आहे ना, मग हरकत काय?
(कॉलेज विद्यार्थिनी, मराठवाडा)

उत्तर: लखनौच्या अमीनाबादला अगदी हेच केलं होतं. झंडेवाला पार्कच्या खाली भुयारी बाजार, काम एका बिल्डरला टेंडर न काढताच दिलेलं. सुप्रीम कोर्टानं १९९९ च्या जुलैमध्ये सांगितलं की जे बांधलंय ते तोडा आणि पार्क पूर्वीसारखा करून द्या. बाग-मैदान हे लोकांच्या वतीनं पालिकेनं सांभाळायचं असतं, ते असं परस्पर देऊन टाकता येत नाही, हा त्याचा गाभा. तुमच्या वकिलाला एम. आय. बिल्डर्स विरुद्ध राधेश्याम साहू एवढं सांगा, त्याला कळेल. आणि स्लॅबवर टाकलेल्या दोन फूट मातीत वड-पिंपळ कधी वाढत नाहीत हे कोर्टात न जाता पण कळतं, लॉन आणि कुंड्या येतील फार तर.

प्रश्न: एसटी स्टँडची जागा पण विकणार म्हणतात, खरं का?
(कोकण)

उत्तर: विकणार नाही, भाडेपट्ट्यानं देणार. आधी मुदत ३० वर्षं होती, मग ६० केली, आता ४९ अधिक ४९ अशी ९८ वर्षांपर्यंत न्यायचं धोरण आहे. ९८ वर्षं म्हणजे तुमच्या नातवंडांची नातवंडं, त्यामुळे याला भाडं म्हणायचं की विक्री हे तुम्हीच ठरवा. बघायचं एवढंच की नव्या इमारतीत बस लागणार कुठं. फलाट किती, वळायला जागा किती, बायकांचं स्वच्छतागृह तळमजल्यावर आहे की मॉलमधून वळसा घालून, हे नकाशात बघा, थ्रीडी चित्रात बघू नका.

प्रश्न: माहिती अधिकारात नक्की काय मागायचं? आमचा अर्ज 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' म्हणून परत आला.
(पहिल्या पत्रातल्याच मंडईचे गाळेधारक)

उत्तर: कारण तुम्ही 'मंडईबाबत सर्व माहिती' असं लिहिलं असणार. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. चार वेगळे अर्ज करा. एकात जागेचं मूल्यांकन कोणी केलं, कोणत्या तारखेला, आणि त्या अहवालाची प्रत. दुसऱ्यात महासभेच्या किंवा प्रशासकाच्या ठरावाची प्रत, क्रमांकासह. तिसऱ्यात जागा पालिकेकडे आल्याचा मूळ आदेश किंवा दानपत्र. चौथ्यात टेंडरचा मसुदा आणि निविदापूर्व बैठकीचं इतिवृत्त, अटी बदलतात त्या तिथंच, कोणीतरी बिल्डर उठून म्हणतो 'साहेब ही अट जरा जाचक आहे' आणि पुढच्या शुद्धिपत्रकात ती गायब.

मूल्यांकन आधी मागा. मी पाहिलेल्या फायलींत बहुतेकदा रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला दर धरलेला असतो, तोही कधी कधी जुन्या वर्षाचा, आणि मंडई म्हणून धरलेला, म्हणजे जिथं उद्या मॉल होणार त्या जागेची किंमत भाजीच्या गाळ्याच्या हिशेबानं. आधी एफएसआय आणि वापर बदलायचा, मग किंमत काढायची, असा क्रम पाहिजे. उलटा क्रम दिसला तर हरकतीत हाच मुद्दा पहिला घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर थांबू नका, लगेच पहिलं अपील टाका. आणि अर्ज आवक विभागात दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.